व्हर्लिनला काही विकू नका

७ जानेवारी, सोमवार

हृदयाच्या नळीत जाळी बसवून घरी आल्यापासून बायकोने, बर्निटाने, एकच धोशा लावलाय, रोज दोन ओळी लिही. "तू मनातलं पोटात ठेवतोस आणि पोटातलं छातीत जातं," हे तिचं वैद्यकशास्त्र. मी म्हटलं, माझ्या मनात काही नसतंच. "मग तेच लिही."

आज थंडी. वारा. मनात काही नाही.

१२ जानेवारी, शनिवार

सलायनाचा गन शो, म्हणजे बंदुकांचा बाजार, वर्षातला पहिला. व्हर्लिन फाइफर आणि मी नेहमीप्रमाणे एकच टेबल घेतलं, कॉफीवाल्या बाईच्या शेजारचं. आमची शेतं बांधाला बांध लागून. तरुणपणापासून आम्ही या हॉलमध्ये जुन्या रायफली मांडून बसतो. विकण्यापेक्षा दाखवायलाच जास्त. आता शेतं दुसरे कसतात, त्याची बायको आर्लीनही गेली, पण टेबल आहे.

आज त्याने वडिलांची विंचेस्टर रायफल विकली! म्हातारबांनी पहिल्या चांगल्या सुगीनंतर घेतलेली, ती. गळ्यापर्यंत गोंदवलेल्या एका तरुणाला, आणि तीही मातीमोल भावाला. "वेडा झालास का?" मी म्हटलं. म्हणाला, "भिंतीला टांगून काय करू? गहू खायला घालू तिला?"

गिऱ्हाइकाने नळीवरचा नंबर विचारला तर मलाच वाचायला सांगितला. चष्मा गाडीत राहिला म्हणे. आजकाल वस्तू बघताना कोंबडीसारखी मान वाकडी करतो. मानेचं काहीतरी दुखणं असणार. सांगेल तर शपथ.

९ फेब्रुवारी, शनिवार

हचिन्सनचा शो. येताना गाडीत भांडण. गाडी मीच चालवली, व्हर्लिन म्हणाला त्याचा गुडघा धरलाय.

"काय उरलंय सांग त्या शोमध्ये?" तो म्हणाला. "तिकीट काढा, चिखल तुडवा, आणि आत काय? अर्ध्या टेबलांवर वाळवलेलं मांस, टी-शर्ट आणि बायकांच्या पर्सा. बाकीच्यांवर काळ्या प्लॅस्टिकच्या बंदुका, सगळ्या एका साच्यातल्या. भाव इंटरनेटपेक्षा चढे. वर कालची पोरं आपल्याला अक्कल शिकवणार."

मी म्हटलं, "इंटरनेटवर रायफल खांद्याला लावून बघता येते का? फोटोत सगळीच लाकडं नवीकोरी. हातात घेतल्यावर कळतं की कोणीतरी पॉलिश फासून चीर झाकलीय. आणि काडतुसंवाली वँडा तिच्या कमरेच्या ऑपरेशनची गोष्ट इंटरनेटवर सांगणार आहे का?"

"ती मी पाठ म्हणून दाखवतो."

"मग? एवढी करमणूक कुठे मिळते?"

हसला नाही. खिडकीबाहेर तोंड करून म्हणाला, "बघायला जावं असं काही नाही, डेल. बघायला." एकच शब्द दोनदा म्हणाला. मला राग आला. इतकी वर्षं आम्ही काय माशा मारायला गेलो होतो? रात्री बर्निटाला सांगितलं, व्हर्लिन विटलाय. ती म्हणाली, "कशाला विटलाय, विचारलंस?" म्हटलं, शोला. अजून कशाला?

२३ फेब्रुवारी, शनिवार

व्हर्लिन जेवायला आला. बर्निटाने बीरॉक केले होते, आत कोबी आणि खिमा भरलेले पाव. तो एरवी चार खातो, आज अर्धा खाल्ला आणि तोंडभरून स्तुती केली. येताना आर्लीनच्या हातची गोधडी घेऊन आला होता. तिचं शेवटचं काम, लग्नाच्या अंगठ्यांची नक्षी असलेली. "तुमच्याकडे वापरली तरी जाईल," म्हणाला. मला त्याचं काडतुसं भरायचं यंत्र दिलं, खोक्यांसकट! मी कित्येक वर्षं त्यावर डोळा ठेवून होतो. फार आनंद झाला.

तो गेल्यावर बर्निटा सिंकपाशी उभी राहून रडत होती. मी विचारलं, काय झालं, गोधडी आवडली नाही का? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर जाऊन यंत्र पुसत बसलो.

९ मार्च, शनिवार

फाटकाजवळची आमची टपालपेटी कोणीतरी गाडी घालून पाडली. खांबासकट आडवी. गावातली कार्टी, दुसरं कोण. शेरीफच्या ऑफिसला फोन केला, त्यांनी "बरं" म्हटलं.

व्हर्लिनच्या ट्रकची उजवी बाजूही चेपलीय. त्याला हरीण आडवं आलं म्हणे. सगळं जगच आंधळ्यासारखं पळतंय.

१६ मार्च, शनिवार

बर्निटाने मला अक्षरशः ढकलून व्हर्लिनकडे पाठवलं. "त्याला विचार," म्हणाली. काय विचारू? "तो कसा आहे ते विचार, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस."

गेलो. तोंड उघडलं तर पाऊस निघाला. पुन्हा उघडलं तर गहू निघाला. मग बेसबॉल. तो प्रत्येकाला नीट उत्तर देत होता. स्वयंपाकघरात सगळे दिवे लावलेले, भर दुपारी.

त्याचं बंदुकांचं लोखंडी कपाट सताड उघडं होतं. रिकामं. एका व्यापाऱ्याला बोलावून घाऊक विकलं म्हणाला. आयुष्यभराचा संग्रह! मला विचारलंसुद्धा नाही. एक रिव्हॉल्व्हर तेवढं मधल्या फळीवर होतं. "ते राहू दिलं. साप-बीप निघाला तर." मार्चमध्ये कसला साप, इथे अजून जमीन गोठलेली आहे. पण बोललो नाही. माणसाला एखादी वस्तू ठेवावीशी वाटते.

घरी आल्यावर बर्निटाला सगळं सांगितलं, मधली फळी आणि सापसुद्धा. ती उठली आणि डेन्व्हरला फोन लावला. जेनेलला. व्हर्लिनच्या मुलीला.

१९ मार्च, मंगळवार

जेनेलचा आज उलट फोन आला. तिने बापाकडून काढून घेतलं. डोळे. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय, कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टरांनी मागच्या सुगीनंतरच सांगितलंय. चष्म्याचा उपयोग नाही, वाढत जाणार. उन्हाळ्यात गाडीच्या लायसन्सची मुदत संपते, ते पुन्हा मिळणार नाही. आणि गाडी नसलेला माणूस त्या घरात काय करणार? सगळ्यात जवळचं दुकान आमच्या गावात, आणि आमचं गाव म्हणजे धान्याची कोठारं आणि एक पेट्रोलपंप.

मागची पानं उलटून वाचली. कोंबडीसारखी मान. गुडघा. हरीण. सगळं मीच लिहिलंय. माझे डोळे शाबूत आहेत, डॉक्टर तसं म्हणतात.

आपली टपालपेटी पुन्हा उभी करायची नाही, असं बर्निटाला म्हटलं. का, ते तिने विचारलं नाही.

२० मार्च, बुधवार

विचारलं. जसं बर्निटाने पढवलं तसंच, शब्द न गिळता.

तो कोठारात बसून नटबोल्ट बोटांनी चाचपून वेगळे करत होता. मी म्हटलं, "व्हर्लिन, तू स्वतःला काही करून घेणार आहेस का?"

बोटं थांबली नाहीत. "हे विचारायला तुला कोणी शिकवलं?"

"बर्निटाने."

"वाटलंच." मग म्हणाला, "डेल, मला तुझं तोंड दिसत नाही. टोपी दिसते, कान दिसतात. मध्ये भोक."

"त्यात काय गेलं तुझं? या तोंडात बघण्यासारखं काय होतं?"

हसला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा हसला. मला वाटलं, सुटलो. पण प्रश्नाचं उत्तर त्याने दिलंच नव्हतं, आणि बर्निटाने बजावलं होतं की उत्तर येईपर्यंत गप्प बस. म्हणून गप्प बसलो. बाहेर वाऱ्याने पत्रा वाजत होता.

"कधी कधी," तो म्हणाला. "सकाळी. उठल्यावर डोळे उघडतो आणि वाटतं, आज गेलं असेल ते भोक. नाही जात."

मी म्हटलं, ते रिव्हॉल्व्हर माझ्याकडे दे. थोडे दिवस. तो उठला, आत गेला, आणून माझ्या ट्रकच्या बॉनेटवर ठेवलं. "घे. झालं समाधान? पण एप्रिलच्या शोला मला न्यायचं."

"तुझ्या मते तर तिथे काही उरलं नाही."

"नाहीच उरलं. तरी ने. तिथे दारातून शिरलो की चारी बाजूंनी हाका येतात मला. इथे कोण मारतंय? फ्रिज?"

हो म्हणालो. परतताना अर्ध्या वाटेत कळलं कशाला हो म्हणालो ते.

२७ मार्च, बुधवार

बर्निटा म्हणते, नेऊ नकोस. जेनेल म्हणते, नेऊ नका, पण तिला यायला जमत नाही, तिथे नोकरी आहे, नवऱ्याचे कामाचे तास निम्म्यावर आलेत. तिने एका समुपदेशक बाईंना फोनवर गाठून दिलं. व्हर्लिन बोलला त्यांच्याशी. मला म्हणाला, "चांगली आहे बिचारी. छंद कोणते विचारत होती. मी म्हटलं, जुन्या बंदुका. नंतर बराच वेळ बोललीच नाही."

गेल्या आठवड्यात तीन दिवस त्याच्याकडे जाऊन बसलो. शोचं नाव काढलं की तो सरळ बसतो. कुठलं टेबल मिळालं, वँडा येणार का, शेजारच्या टेबलाचा ओटो रायफलींचे जुने पट्टे आणणार का. बाकी कशावर बोलत नाही. तेवढं एक काढून घेतलं तर त्याच्याकडे काय राहतं? आणि नेलं तर? हॉलभर टेबलं, प्रत्येक टेबलावर तीच वस्तू. दारू सुटलेल्या माणसाला त्याचे सगळे मित्र दारूच्या गुत्त्यातच भेटत असतील, तर त्याने जावं कुठे?

लोक मला विचारायचे, शोला जाण्यात काय अर्थ आहे, तेव्हा माझ्याकडे दहा उत्तरं असायची. आज एकही सुचत नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

टेबलं मांडायला एकटाच सलायनाला गेलो आणि एक काम करून आलो. योग्य की अयोग्य, माहीत नाही.

ओळखीच्या प्रत्येक टेबलावर जाऊन सांगितलं, उद्या व्हर्लिन येईल, त्याला काही विकू नका. कारण विचारलं तर म्हणालो, तब्येत.

वँडा कॉर्बेल जुन्या काडतुसांच्या पेट्या विकते आणि तिचं तोंड कधी बंद नसतं. तिने माझा हात धरला आणि एक शब्द बोलली नाही. ओटो म्हणाला, "माझ्या भावाच्या वेळी कोणीतरी असं फिरायला हवं होतं." त्याला भाऊ होता हे मला ठाऊकच नव्हतं. एवढी वर्षं शेजारी बसतो.

पण मागच्या रांगेतला एक काळ्या चष्म्याचा माणूस म्हणाला, "म्हातारेबुवा, सज्ञान माणूस आहे ना तो? मी लायसन्स बघतो, पैसे बघतो. मन बघायचं मशीन माझ्याकडे नाही." मी म्हटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. "आज तुमच्या मित्रासाठी, उद्या आणखी कोणासाठी. मग सरकार बंदुका अडवायला आलं तर का ओरडायचं?" ही वाक्यं मीच याच हॉलमध्ये कितीदा टाळ्या घेत म्हटली आहेत.  त्याच्याकडे माझं काही चालत नव्हतं. त्याच्या पलीकडे ज्यांची नावंही मला माहीत नाहीत अशी किती टेबलं होती.

६ एप्रिल, शनिवार

दारातून शिरलो आणि खरंच हाका आल्या. "व्हर्लिन! अरे व्हर्लिन, इकडे!" तो आवाजावरून प्रत्येकाला ओळखत होता. चेहरा उजळला. वाटलं, बरं केलं आणला ते.

दुपारपर्यंत आमच्या टेबलामागे बसला. लोकांच्या रायफली मांडीवर घेऊन बोटांनी सांगत होता, हा स्क्रू बदललेला आहे, हे लाकूड मूळचं नाही. भोवती घोळका जमला. असा जमलेला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मग म्हणाला, पाय मोकळे करून येतो. मी मागे मागे गेलो. ओटोच्या टेबलावर त्याने एक छोटं पिस्तूल उचललं. चाळा म्हणून, की कशासाठी, मला अजूनही माहीत नाही. "केवढ्याला?"

"ते विकायचं नाहीये, व्हर्लिन."

पुढच्या टेबलावर दुसरं उचललं. "हे?"

"हे गेलं. आत्ताच गेलं."

वँडाकडे बंदुका नसतातच. तिथे काडतुसांची पेटी हातात घेतली. वँडा म्हणाली, "ती रिकामी आहे रे राजा." पेटी त्याच्या हातात होती. वजन त्याला कळत नव्हतं का?

तो तिथेच उभा राहिला. मान वाकडी करून एकेका टेबलाकडे बघितलं. सगळे खाली बघत होते. मग माझ्या दिशेने वळला, मी नेमका कुठे उभा आहे ते त्याला कसं कळलं कोण जाणे.

"सगळ्या हॉलला सांगितलंस?"

"व्हर्लिन..."

"मी डोळ्यांचंही कोणाला कळू दिलं नव्हतं. इथे मी शहाणा माणूस होतो, डेल. या एका जागी."

तरातरा बाहेर निघाला. कोणाच्या तरी टेबलाच्या कोपऱ्यावर आदळला, काहीतरी खाली पडलं. पार्किंगमध्ये गाड्यांच्या रांगांमध्ये उभा होता. निघून तर जायचं होतं, पण गाडी माझी, आणि ती यातली कुठली हे त्याला दिसत नव्हतं. शेवटी मीच दार उघडलं. बसला. दुसरा उपायच नव्हता त्याच्याकडे, आणि माझ्याकडेही.

घरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवागार गहू. उतरताना म्हणाला, "आता येऊ नकोस."

१४ एप्रिल, रविवार

रोज जातो. दार बंद. आत रेडिओ चालू असतो. पायरीवर बसून थोडा वेळ ऐकतो. बर्निटाने दिलेला डबा ठेवतो, आदल्या दिवशीचा रिकामा उचलतो. डबा रिकामा असला की हायसं वाटतं. आज भरलेला होता. दारावर थापा मारल्या, ओरडलो, जाळीच्या दाराला लाथ घातली. शेवटी आतून आवाज आला, "मला कोबी नको झालाय, गाढवा."

पायरीवर बसून रडलो. हे डॉक्टरांना सांगू नये.

२७ एप्रिल, शनिवार

जेनेल आणि तिचा नवरा आले. व्हर्लिनला डेन्व्हरला नेलं. दोन बॅगा. त्याने नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. कोट कोणाचा तरी दुसऱ्याचा असावा तसा उभा होता. मी हात पुढे केला. त्याला दिसला की नाही, माहीत नाही. बर्निटाने सरळ मिठी मारली आणि त्याने तिच्या पाठीवर थोपटलं, जणू जाणारी तीच.

जेनेलच्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या घरात पिस्तूल-बिस्तूल काही आहे का? म्हणाला, "एक आहे, बेडरूममध्ये. पण कुलपात असतं." कुलपात असतं. कुठल्या घरात नसतं?

त्याला जे सांगायचं ते सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. हो हो म्हणाला. तरुण माणसं म्हाताऱ्यांना म्हणतात तसं.

१८ मे, शनिवार

बर्निटा म्हणाली, शोला जाऊन ये, नाहीतर घरात बसून भिंती खाशील. गेलो.

टेबल लावलं. कोणी ना कोणी येत होतं, व्हर्लिन कुठे, म्हणून. डेन्व्हरला, एवढंच सांगायचो. काळ्या चष्म्याचा माणूसही आला. त्याने विचारलं नाही, फक्त टेबलापाशी थांबून, टोपीला हात लावून गेला. ओटोने त्याच्या भावाबद्दल सांगितलं, पहिल्यांदाच, बराच वेळ. नाव लिओ. मी ऐकत होतो. ऐकण्यापलीकडे काय करणार.

दुपारी राहवलं नाही, जेनेलला फोन लावला. म्हणाली, बोलत नाहीत कोणाशीच, पण फोन कानाला लावते. मग नुसता श्वास.

"व्हर्लिन, डेल बोलतोय. सलायनाहून."

काही नाही.

 माफी मागावी तर कशाची? पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. मग समोर जे दिसत होतं ते सांगायला लागलो. वँडाने केस लाल केलेत. भयंकर दिसतंय. वाळवलेल्या मांसाची टेबलं आणखी वाढली. ओटोकडे एक जुनी रायफल आलीय, नळी आठ कोनांची, लाकडाला मागच्या बाजूने तडा, कोणीतरी तांब्याच्या तारेने बांधलाय, आणि तार इतकी झिजलीय की बोटाखाली गुळगुळीत लागते. ती तार लांबून दिसत नाही, हातात घेतल्यावरच कळते. बोलत राहिलो. लोक माझ्याकडे बघत होते. 

"ठेवू का फोन?" शेवटी विचारलं.

 पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता. मला वाटलं, जेनेलने फोन तसाच खुर्चीवर ठेवला असेल.

"मी म्हटलं का, ठेव?"

मी कॉफीवाल्या बाईला टेबलाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि फोन कानाला धरून पुढच्या रांगेत गेलो.